तेवढी रेघ राहू द्या

महांतेशअण्णांच्या हॉटेलात माझ्या हातून चहाचा कप कलंडला. कप अर्धाच होता, नुकसान असं काही नाही. पण टेबलावरून चहाची जी धार निघाली ती आधी सरळ वर गेली, मिठाच्या डबीला वळसा घालून उजवीकडं वळली, तिथं एका जागी तिचं डबकं साचलं, आणि डबक्यातून एक बारीक ओघळ निघून रमतगमत टेबलाच्या कडेला गेला. मी बघतच राहिलो. पाच दिवस डोळे मिटून जे आठवायचा प्रयत्न करून राहिलो होतो, ते माझ्यासमोर सनमायकावर पडलं होतं. डबकं डबीपासून किती लांब, ओघळ कुठल्या कोपऱ्याकडं, हे मनात धरायला मी नुकताच वाकलो होतो, तेवढ्यात अण्णांनी गल्ल्यावरून उठून फडकं आणलं आणि सवयीनं एक हात फिरवला. "पुसू नका!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की बाजूच्या टेबलावरच्या माणसाचा भज्याचा हात तोंडापाशीच थांबला. अण्णा देगलूरकडचे, गडबडले की कानडीत जातात. "एन आयतु रे? काय झालं धम्मा? चहाच होता की," ते म्हणाले. मी काय सांगणार. "काही नाही, झोप झाली नाही," म्हणालो आणि उठलो. दुसऱ्यांदा पुसली गेली. पहिल्यांदा मी पुसली होती, आणि मला अडवायला कुणी ओरडलं नव्हतं.

नाही, तेही खोटंच. ओरडलं नव्हतं, पण सांगितलं होतं. गुरुवारी दुपारी नायगावकडचे व्यंकटकाका दुकानात आले तेव्हा त्यांच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि टॉवेल ओला होता. जुन्या मोंढ्याजवळ माझं दुकान आहे, सतरा वर्षं झाली, मोबाईलच्या काचा बदलतो. दुकानात येणारा प्रत्येकजण घाबरलेला असतो. कुणाचे फोटो अडकलेले, कुणाचे नंबर. रोज तेच ते ऐकून कान असे झालेत की शब्द आत येतात पण बसत नाहीत. काकांनी टॉवेल उलगडला. वहीच्या पानाएवढी काच, काळं धूड, मागं जाड वायर. मी म्हणालो, "टीव्ही आणला का काका?" ते हसले नाहीत. "नावंवरचं मशीन हाय. पाण्याखालचे मासे दिसतेत, आन् नाव कुठून कुठं गेली त्याची रेघ उठती. पाणी शिरलंय. बोट लावलं तर घेईना." मी काच उजेडाला धरली. ते पुढं म्हणाले, "पोराचं हाय. यातली तेवढी रेघ राहू द्या. मशीन नाही चाललं तर राहिलं, रेघ राहू द्या." अगदी स्पष्ट म्हणाले. दोनदा म्हणाले. आणि मी स्क्रू काढता काढता म्हणालो, "काही जात नाही काका, बसा निवांत." जे सगळ्यांना म्हणतो तेच. ते बसले नाहीत. "उद्या येतो," म्हणून निघून गेले. पोरगा कुठं आहे, हे मी विचारलं नाही. पोराचं मशीन बाप घेऊन का आला, एवढासुद्धा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

पाणी शिरलेल्या काचेला भुताटकी लागली असं आम्ही धंद्यात म्हणतो. कुणी हात न लावता बटनं आपोआप दाबली जातात, पडदा उघडतो, मिटतो, वेड्यासारखा नाचतो. मी ते खोललं, गरम हवा दिली, आतली पट्टी स्पिरिटनं पुसली आणि वीज जोडली. मशीन उठलं. डाव्या बाजूला नकाशा, निळं पाणी, मातकट काठ. उजव्या बाजूला पाण्याखालचं चित्र, पण टेबलावर पाणी कुठलं, तिथं नुसते करड्या रंगाचे पट्टे सरकत होते. आणि नकाशावर रेघ होती. पिवळी. काठावरून निघालेली, कामाला निघालेल्या माणसासारखी सरळ. मग उजवीकडं वळलेली. एका जागी तिचा गुंता झालेला, शिलाई मशीनमध्ये दोरा अडकून गोळा होतो तसा. आणि गुंत्यातून निघून एक सैल, वाकडीतिकडी रेघ परत काठाला लागलेली. मी पाहिली. सहा-सात सेकंद पाहिली असेल. पण माझं लक्ष वरच्या कोपऱ्यात होतं, तिथं एक बटन अजून आपोआप फडफडत होतं. तेवढ्यात लुंबिनीचा फोन आला. माझी बायको मुदखेडला शाळेत शिकवते, रोज रेल्वेनं येणंजाणं. गाडी लेट आहे, तुम्ही भात लावा, म्हणत होती. मी मान खांद्याला लावून फोन धरला, आणि हात आपलं काम करत राहिले. हातांना एकच येतं. काही अडलं की रिसेट. मशीननं विचारलं, सगळं पुसायचं का. मी हो दाबलं. मशीननं परत विचारलं, नक्की का. मी परत हो दाबलं. फोनवर मी लुंबिनीला विचारत होतो की एक वाटी लावू का दीड. बारा सेकंदांनी पडदा कोऱ्या पाटीसारखा उभा राहिला, आणि बटन अजून फडफडतच होतं. म्हणजे रिसेटचा काही उपयोगसुद्धा नव्हता. पट्टीचं एक टोक ओलं राहिलं होतं, ते मी मग कापसानं टिपलं आणि फडफड थांबली.

शुक्रवारी काका आले तेव्हा त्यांची सून रेणुका सोबत होती. तिशीच्या आतली, पदर घट्ट आवळलेला. तिनं मशीन चालू केलं, काचेवर बोट ठेवलं, दाबलं, पुन्हा दाबलं. जाळी ओढून ओढून तिच्या बोटांची कातडी अशी राठ झालेली की काचेला ते बोट कळतच नव्हतं. "तुम्ही दाबा दादा," ती म्हणाली. मी दाबलं. नकाशा आला. निळं पाणी, मातकट काठ. "रेघ?" ती म्हणाली. आणि मग काकांनी, दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगावं तशा आवाजात, सगळं सांगितलं. प्रीतम, त्यांचा मुलगा, मागच्या शनिवारी पहाटे धरणात जाळं काढायला एकटा गेला. दुपारी नाव रिकामी काठाला लागली. पथकानं नाव सापडली तिथं चार दिवस शोधलं आणि गेलं. पण नाव तर वाऱ्यानं वाहत आली होती. तो कुठं पडला ते या मशीनला माहीत होतं. आणखी कुणालाच नव्हतं.

त्या क्षणी बोललो असतो तर? हा प्रश्न मी इतक्यांदा स्वतःला विचारलाय की त्याचा आता भुगा झालाय. बोललो नाही. तोंडातून जे निघालं ते इतकं सहज निघालं की मलाच आश्चर्य वाटलं. "पाणी पार आत गेलं होतं काका. आतलं सगळं साफ. मशीन वाचलं हेच लई." काकांनी मान हलवली. रेणुका म्हणाली, "हाव. पाण्यानंच नेलं म्हणायचं." तिनं मशीन त्याच टॉवेलात गुंडाळलं. टॉवेल आता वाळला होता. जाताना काका मला हात जोडून गेले, आणि मी नालायकासारखे उलट हात जोडले.

तेव्हापासून मी ती रेघ शोधतोय. बिलांच्या पाठीवर काढतो, खोडतो. गुंता उजव्या बाजूला होता हे पक्कं. पाण्यात घुसलेल्या काठाच्या एका टोकापाशी होता की तसल्या दोन टोकांच्या मध्ये? कधी वाटतं, मध्ये. कधी वाटतं, हे मध्ये मी शुक्रवारी रात्रीच्या चित्रातून उचललंय, खऱ्यातून नाही. आठवण जास्त हाताळली की तीसुद्धा नोटेसारखी मऊ पडते, आकडे दिसेनासे होतात. आंघोळ करताना भिंतीवरचा ओघळ बघतो. पोळीवरचे डाग बघतो. लुंबिनीनं एकदा विचारलं, "काय हो, पोळीत काय शोधून राहिले?" मी म्हणालो, खडा.

सोमवारी संध्याकाळी रेणुकाचा फोन आला. "दादा, पुण्या-मुंबईला पाठवलं तर येती का ती रेघ वापस? मामा म्हणतेत, रविवारी पानांचा पुतळा करायचा." मला कळलं नाही. तिनं सांगितलं. माणूस सापडलाच नाही तर पळसाची तीनशे साठ पानं आणतात, त्या पानांचा माणूस रचतात, आणि त्याला अग्नी देतात. मग सुतक फिटतं. "पानं तोडून आणलीत. पण एकदा पुतळा जाळला की झालं. मग शोधायचं न्हाई, असं म्हणतेत. म्हणून म्हणलं, त्याच्या आधी." मी म्हणालो, विचारून बघतो. कुणाला विचारणार होतो? फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ माझ्या डोळ्यांसमोर पानांचा माणूस येत राहिला. आमच्यात असलं काही नाही. आमच्यात माणूस गेला की गेला, त्रिशरण घ्यायचं आणि उठायचं. पण पुतळा का करावा लागतो ते मला कळत होतं. रडायला काहीतरी समोर लागतं.

मला हे चांगलं ठाऊक आहे, कारण मी एकदा असला पुतळा केलाय. पानांचा नाही, बोटाचा. आमचं मूळ गाव रेणापूरकडचं. माझा बाप मी नऊ वर्षांचा असताना गेला, ओढ्याच्या काठी त्याला पुरलं, उशाशी एक धोंडा ठेवला. मग आई मला घेऊन नांदेडला आली. भामाबाई, बांधकामावर पाट्या वाहायची. बारा-तेरा वर्षांनी, लग्न झाल्यावर, आम्ही तिघं गावी गेलो. सुनेला सासरा दाखवायचा होता. मधल्या काळात ओढ्याला पूर येऊन काठच बदलला होता. धोंडा नाही, बाभूळ नाही, काही नाही. आईची नजर तेव्हाच अधू झाली होती. ती म्हणाली, "धम्मा, दाखव रे. तुला ठावं हाय." मला काहीच ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांचं पोर, मी त्या दिवशी रडण्यापेक्षा पायात रुतलेल्या काट्याकडंच बघत होतो. पण लुंबिनी नवी होती, आई आशेनं बघत होती. मी हात वर केला आणि एका जागेकडं बोट दाखवलं. आईनं तिथं मेणबत्ती लावली, जमिनीला हात लावला आणि म्हणाली, "हाव, हितंच." ती जाईपर्यंत दरवर्षी आम्ही तिथंच मेणबत्ती लावली. तिला समाधान होतं. मलाही हळूहळू वाटायला लागलं की बाप तिथंच आहे. म्हणून मला वाटायचं की दाखवणं सोपं असतं.

मंगळवारी चहा सांडला, आणि त्याच संध्याकाळी मी लुंबिनीला सगळं सांगून टाकलं. ती शेंगा सोलत होती. हात न थांबवता ऐकलं. मग म्हणाली, "शुक्रवारीच सांगायचं होतं."

"ते मलाही कळतं. आता काय करू?"

"बैल गेला आणि झोपा केला," ती म्हणाली. शिक्षिका आहे, म्हण सोडत नाही. मग शेंगांची टरफलं गोळा करत हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही सांगून मोकळे व्हाल. पण तिचं काय होईल ते बघा. ती रविवारची वाट बघून राहिली असंल."

हे दुसरं सांगणं. तेही मी काकांच्या सांगण्यासारखंच ऐकलं. शब्द आत आले, बसले नाहीत. मला फक्त 'मोकळे व्हाल' एवढंच ऐकू आलं. बुधवारी दुकान बंद ठेवून मी नायगावची बस धरली.

धरण भरलेलं होतं. एवढं पाणी मी पहिल्यांदाच जवळून बघत होतो. शहरात वाटतं पाणी निळं असतं. हे मातीच्या रंगाचं होतं आणि त्याला कसला म्हणून आवाज नव्हता. रेणुका म्हणाली, मशीन एकदा पाण्यावर लावून बघा, नावंत बसा. काकांनी वल्हं घेतलं, इंजिन काढून ठेवलेलं होतं. मोटरसायकलच्या बॅटरीवर मशीन जोडलं. काठ सुटला तशी काचेवर पिवळी रेघ निघायला लागली. आमची. कोरीकरकरीत, मागचं काही माहीत नसलेली. उजवीकडच्या चित्रात आता खरंच पाणी होतं. तळ जाड विटकरी पट्ट्यासारखा सरकत होता, त्यावर बुडालेल्या बाभळींची झुडपं केसांसारखी उभी दिसत होती, आणि मध्येच एखादा मासा नखाच्या चंद्रकोरीएवढा येऊन जात होता. सत्तावीस फूट. तीस फूट. रेणुका त्या पट्ट्यावरून नजर काढत नव्हती. जरा कुठं गोळा दिसला की विचारायची, "हे काय?"

"झाड असंल," काका म्हणायचे.

"आन् हे?"

"झाडच."

तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा माझ्यानं राहवेना. "ताई, रेघ पाण्यानं नाही गेली," मी म्हणालो. "मशीन चालू झालं तेव्हा होती. मी पुसली. काका सांगून गेले होते, तरी पुसली. फोनवर बोलत होतो, हात चालले. आणि मी खोटं बोललो." एका दमात बोललो. काकांचं वल्हं थांबलं. शिव्या येतील, कानफटात बसेल, हे सगळं मी बसमध्ये ठरवून आलो होतो. त्याला मी तयार होतो, खरं तर मला ते हवंच होतं. काकांनी पाण्यात हात बुडवला आणि ओला हात तोंडावरून फिरवला. छातीवरचा धोंडा उतरावा तसं मला हलकं वाटलं. किती वेळ? नाव एक हेलकावा खाईपर्यंत.

कारण रेणुका माझ्याकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा तिथं काहीतरी उजळलं होतं. "होती? म्हणजे तुम्ही पाहिली?"

"पाहिली, पण..."

"म्हणजे तुम्हाला ठाव हाय." ती सासऱ्याकडं वळली. "मामा, यांनी पाहिलंय! जागा यांना ठाव हाय!" मग माझ्याकडं. "दाखवा की दादा."

मी म्हणालो, सहाच सेकंद पाहिली. म्हणालो, नीट आठवत नाही. हे सगळं मी म्हणालो, हे मला आठवतं. पण ती ऐकत नव्हती. आमच्या धंद्यात कान कसे होतात ते मला माहीत आहे, तिचे तसे झाले होते. आणि मी हात वर केला. तोच हात, ओढ्याकाठचा. उजवीकडं, दोन टोकांच्या मध्ये. काकांनी नाव तिकडं वळवली. दोरीला बांधलेला लोखंडी आकडा रेणुकानं स्वतः पाण्यात सोडला. ओढत ओढत आम्ही ती जागा उभी-आडवी नांगरली. आकड्याला फांदी लागली, जुनं जाळं लागलं, कुणाचं तरी फाटकं पोतं लागलं. प्रत्येक वेळी दोरी ताठ झाली की रेणुकाच्या गळ्यातून एक बारीक आवाज निघायचा. माझ्या कबुलीनंतर काका पहिल्यांदा बोलले ते संध्याकाळी काठाला लागल्यावर. "रविवारचं राहू दे. आता जागा कळलीय म्हणल्यावर पुतळा कसा करावा?"

आईनं त्या दिवशी जमिनीला हात लावला होता. जमीन काही विचारत नाही, तपासूनही घेता येत नाही. पाण्यात आकडा सोडता येतो. एवढा साधा फरक माझ्या डोक्यात आला नव्हता.

त्या बुधवारपासून आज सतरावा दिवस. मी सकाळची पहिली बस धरतो, दुपारी परत येऊन दुकान उघडतो. एकदा गेलो नाही तर काका दुकानात येऊन बसले. रागावले नाहीत, नुसते बसले. "सुनबाई नावंत बसून राहिली," एवढंच म्हणाले. लुंबिनी आता म्हण सांगत नाही, मुकाट्यानं डबा भरते. मी रोज नवी जागा दाखवतो. काल दोन टोकांच्या मध्ये, परवा टेकडीखाली, त्याच्या आदल्या दिवशी कुठं ते मला आठवत नाही. मशीनमध्ये आमच्या रेघांचं जाळं झालंय, सगळा निळा भाग पिवळा पडलाय. त्यांच्या ओसरीवर पळसाची पानं ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवलीत. ती वाळू नयेत म्हणून रेणुका रोज निघताना त्यांच्यावर पाणी शिंपडते. पुतळ्याला कोरडी चालतात का ओली, मला माहीत नाही, विचारायची हिंमत नाही. सुतक फिटलेलं नाही. घरात गोडधोड नाही, सणवार नाही, काका दाढी करत नाहीत. मी मोकळा व्हायला गेलो होतो, आणि त्या तिघांना, त्या पाण्यातल्यालासुद्धा, अडकवून बसलो.

आज बसमध्ये मी ठरवलं होतं की सांगायचं. ताई, मला आता काही म्हणजे काही आठवत नाही, पानं वाळायच्या आत उरकून घ्या. शब्द पाठ करून गेलो. पोचलो तेव्हा ती पोत्यावर पाणी शिंपडत होती. तळाची पानं काळी पडली होती. ती काढून तिनं तेवढीच नवी तोडून आणली होती आणि मोजत होती, तीनशे अठ्ठावन्न, तीनशे एकोणसाठ. मी पायरीशी उभा राहिलो. मोजून झाल्यावर तिनं मान वर केली आणि म्हणाली, "चला दादा."

नाव मध्यावर आली तेव्हा मी तोंड उघडलं. "ताई," म्हणालो. तिनं हात पुढं करून मशीनची वायर बॅटरीवरून उपटली. पडदा विझला. "हे राहू द्या," ती म्हणाली. "याच्याकडं बघून तुमचा घोळ होऊन राहिला. तुम्ही डोळे मिटा. निवांत मिटा. आन् दिसंल तसं सांगा."

काकांनी वल्हं पाण्याबाहेर धरलं होतं. त्याच्यावरून थेंब पडत होते. मी डोळे मिटले. रेघ नव्हती. गुंता नव्हता. महांतेशअण्णांचं टेबल दिसलं, पुसलेलं, त्यावर फडक्याचा ओला फराटा. पाठ केलेले शब्द जिभेवर होते, एक श्वास घेतला असता तर निघाले असते. समोर तिचा श्वास ऐकू येत होता, मग तोही तिनं धरला.

मी हात वर केला. वल्हं पाण्यात गेलं, आणि नाव माझ्या बोटाच्या दिशेनं वळली.